जमुना नावाचं पान

६ ऑक्टोबर

पुण्याहून फोन नाही. धामणगावहून आला.

शेषराव सर म्हणून आहेत, आईला शाळेत गणित शिकवायचे. आता ऐंशीच्या पुढे असतील, पण आवाज अजून फळ्यापाशी उभा असल्यासारखा. मुलींच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा जानेवारीत घ्यायचा म्हणतात. त्यासाठी वेबसाइट हवी. प्रत्येकीचं स्वतःचं पान असावं. फोटो, दहावीचं वर्ष, आता कुठे राहते, काय करते. "मेळाव्याच्या दिवशी भेटतीलच. पण त्याच्या आधी एकमेकींले सापडल्या पाहिजे," असं म्हणाले. मी हो म्हटलं. नाही म्हणायला हातात दुसरं आहे काय?

जूनमध्ये कंपनीने आमचा सगळा गटच बंद केला, तेव्हापासून मी अमरावतीला, गाडगेनगरच्या घरात, माझ्याच शाळकरी टेबलावर लॅपटॉप ठेवून बसते. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते, आता निवृत्त आहेत. नोकरीचं काय झालं हे ते विचारत नाहीत. न विचारण्याचाच त्रास होतो. पुण्याच्या खोलीतली खिडकी आठवते, संध्याकाळी खाली इस्त्रीवाला रेडिओ लावायचा ते आठवतं. तिथल्या मैत्रिणी आधी रोज मेसेज करायच्या, आता वाढदिवसाला करतात.

आई ओट्यापाशी मेथी निवडत होती. तिला म्हटलं, "तुझंही पान करते मी. पहिलं तुझंच."

"कोणत्या नावानं?"

"कोणत्या म्हणजे? रागिणी राऊत."

"शाळेत मी रागिणी नव्हती व," ती म्हणाली आणि जुडी उलटी केली.

मला ठाऊक होतं, आई लग्नाआधी जमुना ढोके होती. लग्नात ताटातल्या तांदळात रागिणी लिहिलं गेलं. पण ते मला ठाऊक होतं ते पणजोबांचं नाव ठाऊक असतं तसं. कधी उपयोगाला येत नाही.

११ ऑक्टोबर

आज रूट लिहिले. कोणत्या पत्त्यावर कोणतं पान उघडायचं हे सांगणाऱ्या त्या ओळी. मी वापरते त्या फ्रेमवर्कमध्ये त्यांची वेगळी फाइल असते. डावीकडे पत्ता, उजवीकडे पान. कोणी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ही फाइल वरून खाली तपासली जाते. जुळलं तर पान उघडतं. नाही जुळलं तर "पान सापडले नाही".

मला हे काम आवडतं. घर बांधून झाल्यावर दारावर पाटी लावण्यासारखं आहे. पत्ता नावावरूनच तयार होईल असं केलं, म्हणजे बायकांना लक्षात ठेवायला सोपं. फॉर्ममध्ये आधारवरचं नाव भरून घेतलंय, तेच वापरलं. सर खूश. आईला तिचं पान दाखवलं. तिने चष्मा वर करून पाहिलं. "फोटो बरा आहे," म्हणाली.

१७ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई आणि फोनवर फोन. नांदगाव खंडेश्वरहून पार्बताबाई म्हणून एक बाई बोलल्या.

"हे पाय पोरी, मी सीमाले शोधून राहिली. तुहं ते मशीन म्हणते सापडत नाही."

"सीमाताईंचं आडनाव काय?"

"तवाचं का आताचं?"

"आताचं सांगा."

"आताचं मालूम असतं तं शोधलं कावून असतं बाप्पा?"

नंतर साइटवर कोणी काय शोधलं त्याच्या नोंदी पाहिल्या, आणखी दोघी-तिघींना विचारलं. आपली मैत्रीण शोधायला येणारी प्रत्येक बाई शाळेतलं नाव टाकते आणि माझी साइट तिला सांगते, पान सापडले नाही. नुसती आडनावं नाहीत, निम्म्याजणींची पहिली नावंही बदललीत. कोणाची विमल, ती वैशाली झाली. कोणाची कांता, ती शुभांगी.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "हजेरीत जे नाव होतं त्या नावानं मले पोरी मालूम आहेत. रागिणी राऊत कोण? मी तिले वर्गात कधी उभी केली नाही."

फॉर्ममध्ये आणखी एक चौकट वाढवली. शाळेतलं नाव.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. सोपा उपाय केला होता. जुन्या नावाचा पत्ता टाकला की साइट त्या बाईला नव्या नावाच्या पत्त्याकडे वळवते. रस्त्यावर बाण लावतात तसं. आईलाच आधी तपासायला दिलं.

तिने एका बोटाने, एकेक अक्षर पाहत, जमुना-ढोके टाकलं. पान उघडलं.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं? उघडलं ना."

"वर नाव होतं. ते गेलं."

वरच्या पट्टीत आता रागिणी-राऊत होतं. तसंच व्हायला हवं होतं. मी तिला समजावलं, पान तेच आहे, पत्ता फक्त बदलतो.

"पान तेच आहे व. पण मी जमुना लिहिलं अन् त्यानं पुसून रागिणी केलं." तिने फोन माझ्या हातात दिला. "राहू दे. लोकाइले चालत असन."

मला राग आला. कामाचं काम, आणि वर हे. पण जेवताना बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तिले पायजे तसं नाही होत काय?" बाबा कधी मध्ये बोलत नाहीत.

होतं. फ्रेमवर्कमध्ये त्याची सोय आहेच, मी आळस केला होता. त्याला एलियस म्हणतात. एकाच पानाला दुसरं नाव. वळवायचं नाही, पुसायचं नाही. जुन्या नावाने आलात तर वर जुनंच नाव राहतं, नव्याने आलात तर नवं. पान एक, पत्ते दोन, दोन्ही खरे. रूटच्या ओळीतच तेवढं जास्तीचं लिहायचं. संध्याकाळी सगळ्यांसाठी लिहून टाकलं.

आईने पुन्हा टाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. पान वाचत नव्हती, वरची पट्टीच पाहत होती.

३० ऑक्टोबर

आज एक घोळ निस्तरला. दोघींचं शाळेतलं नाव अगदी एकच निघालं, नावही आणि आडनावही. फाइल वरून खाली वाचली जाते, त्यामुळे जिची ओळ वर तिचंच पान उघडे, खालच्या बाईला ते कधी मिळेना. मग नावापुढे आताचं गाव जोडलं. खालच्या बाईंनी फोन करून सांगितलं, "वर्गातबी तिचाच नंबर आधी यायचा." आणि हसल्या.

आई दोन-तीन दिवसांआड विचारते, "मैनाचा फॉर्म आला काय?"

"कोण मैना?"

"मैना होले."

नाही आला, म्हणते मी. ती बरं म्हणते.

४ नोव्हेंबर

आज आईला विचारलंच, ही मैना कोण. ती गच्चीवर गहू वाळवत होती. हात फिरवत फिरवत बोलली. एका दमात एवढं बोलताना मी तिला पाहिलेलं नाही.

मैनाच्या घरची फुलांची शेती होती, धामणगावच्या बाहेर, विहिरीला बारमाही पाणी. झेंडू, शेवंती, निशिगंध. पहाटे फुलं तोडून, टोपल्या बाजारात पोचवून मग शाळेत यायची, म्हणून पहिल्या तासाला नेहमी उशीर. आई तिच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवायची. उन्हाळ्यात दोघी मोटेच्या जुन्या दगडावर पाय सोडून बसायच्या. मैनाला सगळं मोठ्याने वाचायची सवय. गणितसुद्धा.

"मग?"

"मग काय. आमी दोघी नर्सिंगले जाणार होतो. वर्ध्याले. भरती निघाली होती, दोघींचं नाव लागलं होतं. ती म्हणे तिथं एकच खोली घेऊ, एकीनं सयपाक करायचा, एकीनं भांडे."

"मग गेली का नाहीस?"

"माहं लग्न जमलं." तिने गव्हातला खडा उचलून कठड्यापलीकडे टाकला. "ती गेली होती त्या दिवशी ठेसनावर. ट्रंक घेऊन."

"एकटीच गेली मग वर्ध्याला?"

"नाही. वापस आली. मंग तिचंबी करून टाकलं, अकोल्याले. त्याच्यानंतर तिच्या बापानं वावर इकलं अन् ते लोकबी गेले कुठीतरी."

एवढंच. मला वाटलं होतं भांडण वगैरे झालं असेल. शाळेतल्या मैत्रिणी सुटतातच, माझ्याही सुटल्या. पण आई गहू झाले तरी खाली आली नाही.

१५ नोव्हेंबर

आला! अकोल्याहून. गीतांजली चोपडे. शाळेतलं नाव: मैना होले. फोटो नाही. "आता काय करता" या चौकटीत फक्त "घरीच".

लगेच पान केलं, दुसरं नावही लिहिलं, चालवून पाहिलं. मैना-होले टाकलं की उघडतं. मग ओरडतच स्वयंपाकघरात गेले. वाटलं आई उड्या मारेल.

तिने गॅस बंद केला. हात पुसले. पदराला पुन्हा पुसले, मग परत गॅस लावला. "बरी आहे ना ती?" एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, पानावर फोन नंबर आहे, लाव ना.

"लावीन."

१९ नोव्हेंबर

लावला नाही. मला कळतच नाही हे. महिनाभर मैनाचा फॉर्म, मैनाचा फॉर्म, आणि आता नंबर समोर असताना दुपारची झोपते. म्हणजे झोपत नाही. पलंगावर फोन घेऊन पडलेली असते, आणि मी गेले की स्क्रीन पालथी करते. काल मी पाहिलं. मैनाचंच पान उघडं होतं, फोटोच्या जागी राखाडी गोल असलेलं. वाचायला त्यात तीन ओळीही नाहीत.

पुण्याच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलंय, ऑनलाइन. तयारी करायला हवी.

२२ नोव्हेंबर

हे सविस्तर लिहायला हवं.

दुपारी अकोल्याचा नंबर. हळू, जरा घोगरा आवाज. "मी गीतांजली चोपडे बोलून राहिली. ते पान तुमीच केलं काय? त्याच्यातलं ते जुनं नाव काढून टाका."

मी म्हटलं काढते, पण कारण सांगाल का, काही चुकलं का.

"चुकलं नाही. इथं घरी ते नाव कोणालेच मालूम नाही. सुनंनं मोबाइलवर पाहिलं, म्हणे हे मैना कोण? म्या म्हटलं शाळेतली कोणी असन." मग म्हणाल्या, "फारम भरला तवा वाटलं होतं भराव. आता वाटते कायले."

मी बरं म्हटलं. फोन ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "जमुना ढोके नावाचं आलं काय कोणी?"

खोटं बोलता येईना. "आहे. माझी आई."

पलीकडे कुकरची शिटी ऐकू आली.

"कशी आहे?"

"बरी आहे."

"हसताना तोंडावर हात ठेवते काय अजून?"

मी विचार केला. आई हसताना तोंडावर हात ठेवते का? पंचवीस वर्षं तिची मुलगी असून मला सांगता येईना. "पाहून सांगते," असं काहीतरी खुळ्यासारखं बोलले.

"नका सांगू. तिले म्हणू नका मी फोन केला म्हणून. अन् ते नाव काढजा."

२३ नोव्हेंबर

काढलं. नाव त्यांचं आहे, त्यांनी काढा म्हटलं की काढायचं. एवढं साधं आहे. ओळीतून दुसरं नाव पुसलं, साइट पुन्हा चढवली, आणि दिवसभर आईच्या खोलीकडे गेले नाही.

दिवेलागणीला ती आली. फोन पुढे धरलेला. "मैनाचं पान गेलं."

स्क्रीनवर माझंच वाक्य होतं, मीच टाइप केलेलं. पान सापडले नाही.

काय सांगू? काहीतरी बिघाड, असं तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, "त्यांनी काढायला सांगितलं, आई. जुनं नाव. पान आहे, नव्या नावानं आहे."

"तिनं फोन केला होता?"

मी मान हलवली. नका सांगू म्हटलेलं मोडलं, पण आईच्या तोंडावर खोटं सांगणं मला जमलं नाही.

"बरं केलं," आई म्हणाली. आणि जाऊन ज्वारीचं पीठ मळायला बसली. भाकऱ्या झाल्या तरी थापत होती. पीठ संपलं तर आणखी घेतलं. बाबा दारात येऊन पाहून गेले. तिघांना खाऊन संपणार नाहीत एवढ्या झाल्या.

२६ नोव्हेंबर

मनात आलं ते लिहून ठेवते. हे दुसरं नाव फक्त आईच्या फोनसाठी चालू ठेवता येईल. बाकी कोणाला दिसणार नाही, अकोल्याच्या सुनेला तर नाहीच. कठीण नाही. आई दुपारी पडल्या पडल्या पाहत राहील, कोणाचं काय जातं?

फाइल उघडलीसुद्धा. मग बंद केली. का ते मला नीट मांडता येत नाही. मैनाबाईंचा आवाज ऐकला नसता तर केलं असतं.

आईची हसण्याची सवय पाहायची म्हणून तिला दोनदा हसवायचा प्रयत्न केला. हसली नाही.

१ डिसेंबर

मुलाखत झाली. बरी झाली. पण लिहायचं ते दुसरंच.

खोलीतून बाहेर पडताना आईने थांबवलं. "आरते, तिचं आताचं नाव काय म्हणाली होतीस?"

"गीतांजली चोपडे."

"गीतांजली." तिने जिभेवर फिरवून पाहिलं. "गीतांजली. चांगलं आहे. मोठं आहे जरा."

आणि फोन घेऊन मागच्या अंगणात, लिंबापाशी गेली. मी खिडकीपाशी उभी राहिले, लपून वगैरे नाही, सरळ उभी राहिले.

"हॅलो, गीतांजलीताई आहेत काय?... मी रागिणी राऊत बोलून राहिली, अमरावतीहून... हो... हो..." मग कितीतरी वेळ ती नुसती ऐकत होती. लिंबाचं एक पान तोडून बोटात चुरडत होती. "नाही, मी तेच नाव घेणार. तुले जे चालते तेच... नाही व... येऊ काय मंग मी?... ये म्हणशील तं येतो."

वऱ्हाडात बायकासुद्धा "येतो" म्हणतात. पण आई आमच्यासमोर नेहमी "येते" म्हणते. हे तिचं धामणगावचं बोलणं असावं.

९ डिसेंबर

आई अकोल्याला गेली. मी सोबत निघाले होते, बॅगही भरली होती. मला मैनाबाईंना पाहायचं होतं, आणि आई इतक्या वर्षांत एकटी बडनेऱ्याच्या पलीकडे गेलेली नाही.

बाबा म्हणाले, "तू नको जाऊ."

"का?"

"तिले एकटीनं जाऊ दे."

"अहो पण गाडीत गर्दी..."

"आरती." बाबा पूर्ण नावाने हाक मारतात तेव्हा विषय संपतो.

त्यांनीच तिला बडनेऱ्याला सोडलं, खिडकीची जागा धरून दिली. आईने आंब्याच्या रंगाची ती साडी नेसली होती, माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातली. मी म्हटलं थंडीत सिल्क कशाला, तर म्हणाली, दुसरी इस्त्रीची नव्हती. कपाटात सहा आहेत.

१० डिसेंबर

काल संध्याकाळी फोन. "आज नाही येत. उद्याही बहुतेक नाही." पाठीमागून कोणीतरी जोरात काहीतरी वाचत होतं, पेपर असावा. आई हसली आणि फोन ठेवला.

आज बाबांनी वरण लावलं, मी भात. दोघांचंही बिघडलं. जेवताना बाबा म्हणाले, "नाव म्या नव्हतं बदललं."

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल.

"तुह्या आजीनं ठरवलं होतं. राशीचं निघालं म्हणे. तांदळात मले लिहायले लावलं अंगठीनं, म्या लिहिलं. मले जमुनाच आवडत होतं." पाणी प्यायले. "पत्रिकेत वाचलं तवाच आवडलं होतं."

"मग आईला सांगितलं नाही कधी?"

"राहून गेलं."

बाबा आईला "अवो" म्हणतात. माझ्यासमोर "तुही आई", लोकांसमोर "आमच्या घरी". त्यांनी तिला कुठल्याच नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. आज हे लिहिताना लक्षात आलं.

१२ डिसेंबर

आई आली. बाबा आणि मी बडनेऱ्याला घ्यायला गेलो. गाडी थांबल्यावर बाबा डब्यामागून डबे पाहत पुढे गेले. ती दिसली तशी त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "अवो! इकडं!"

घरी येऊन चहा झाल्यावर आईने सांगितलं. दार सुनेने उघडलं. "कोण पायजे?" आई ठरवलेलं बोलली, "गीतांजलीताई आहेत काय? मी अमरावतीची रागिणी." तेवढ्यात आतून, न बघताच, आवाज आला.

"जमुने, चपला बाहीर नको काढू. कुत्रं नेते."

सून बघतच राहिली. "जमुना कोण?" म्हणे. मैनाबाई बाहेर आल्या, हाताला बेसन लागलेलं. मग आईने चपला हातात घेतल्या आणि आत गेली.

"आणि मग?"

"मंग काय. तिनं पिठलं केलं होतं."

"तीन दिवस पिठलंच?"

आई हसली. तोंडावर हात ठेवून. मी पाहिलं. इतकी वर्षं समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

मैनाबाईंचे मिस्टर गेल्या साली वारले. एक मुलगा आहे, दुकानात असतो. परसात त्यांनी शेवंती लावलीय, विकायची नाही, अशीच. दोघी दुपारी तिथेच बसायच्या. काय बोललात विचारलं तर म्हणाली, "तिनं वाचून दाखवला पेपर. सगळा. जाहिरातीबी."

सून त्यांना आता काय म्हणते विचारलं. "आई म्हणते, अजून काय म्हणन? पण निघताना मले म्हणे, मावशी, सासूबाईले तुमी मैनाच म्हणा. त्या नावानं त्या लवकर ओ देतात."

२८ डिसेंबर

पुण्याहून फोन आला, नोकरी मिळाली. फेब्रुवारीत रुजू व्हायचं. इतके महिने याचीच वाट पाहिली आणि आता सारखं वाटतंय की आईला एकदा अकोल्याला नेऊन आणावं. तिला माझी गरज नाही. ती या महिन्यात आणखी एकदा जाऊन आली.

मेळाव्याचं विचारलं. ती नाही येणार.

"अगं, तुझी शाळा! आणि साइट मी केलीय."

"मैना नाही येणार. तिले ते ठेसन पाहाचं नाही."

स्टेशनात काय एवढं? म्हटलं, रस्त्याने नेऊ की, गाडी करू. आई म्हणाली, "त्या दिवशी मी अकोल्याले जाईन. तुमी दोघं जा." ठरल्यासारखं बोलली, म्हणून पुढे काही म्हटलं नाही.

११ जानेवारी

आत्ताच परत आलो. दमलेय पण आजच लिहिते.

शाळेचं पटांगण भरून गेलं होतं. केवढ्या बायका! पडद्यावर मी एकेकीचं पान दाखवत होते, जुन्या नावाने उघडून. ज्यांनी नको म्हटलं त्यांचं नव्या नावाने. पार्बताबाईंना त्यांची सीमा सापडली, ती तर चार गल्ल्या सोडून नांदगावलाच राहत होती, सुनीता होऊन. दोघी एकमेकींना शिव्या देत रडत होत्या. नवरे मंडळी मागे खुर्च्यांवर, बाबा अगदी शेवटच्या रांगेत, मफलर गुंडाळून.

शेवटी शेषराव सर काठी टेकत उठले. म्हणाले, आता हजेरी होईल, आणि सगळ्यांनी शाळेत द्यायच्या तशीच द्यायची. एकेका वर्षाची नावं घेऊ लागले. साठीच्या, सत्तरीच्या बायका ताडकन उभ्या राहून "हजर सर" म्हणत होत्या. कोणी नव्हतं तिथे शेजारणी ओरडून सांगत होत्या, "अमेरिकेले गेली सर", "वारली सर". हसणं आणि डोळे पुसणं एकदमच चाललं होतं.

"जमुना ढोके."

कोणी बोललं नाही. मी लॅपटॉपपाशी होते, माईक माझ्या जवळच होता.

"जमुना ढोके," सरांनी पुन्हा म्हटलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उभे होते.

"जमुना अकोल्याले गेली, सर."

बायका वळून पाहायला लागल्या. कोणीतरी फिसकन हसलं. बाबा तसेच उभे. सरांनी चष्म्यातून लांब पाहिलं, मान हलवली, खूण केली. मग पुढची नावं झाली. थोड्या वेळाने म्हणाले, "मैना होले."

बाबा खाली बसलेच नव्हते.

"तेबी तिथंच आहे, सर. दोघी संगं आहेत."

परत येताना धामणगावहून गाडीत बसायला जागा मिळाली. बाहेर तुरी उभ्या, शेंगा धरलेल्या. बाबा म्हणाले, "ते तू दुसरं नाव लिहितेस ते, पानाले. लय अवघड असते काय ते काम?"

"नाही हो बाबा. एका ओळीचं काम असतं."

"एका ओळीचं," ते म्हणाले. आणि बडनेरा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.